चोर-उत्तर

बुधवारी सकाळी साडेनऊला ताईने वडिलांसमोर एक कागद ठेवला आणि त्या आठवड्यात चौथ्यांदा विचारलं, "दादा, कितवं उदाहरण?"

दादांनी कागद वाचला. चष्मा काढून पुसला, परत लावला आणि कागद परत वाचला. एक्याऐंशी वर्षांच्या माणसाने एखादा कागद दोनदा वाचला तर त्यात नवल नाही, पण हे गृहस्थ तिशीतही असेच वाचायचे.

"ते सांगायचं नसतं," ते म्हणाले. "तू सही करून टाक."

"सही करून टाक म्हणे! उद्या उत्तर चुकलेलं निघालं म्हणजे?"

"नाही निघणार."

"तुम्हीच चूक घालून ठेवता आणि तुम्हीच सांगता की निघणार नाही!"

दादांनी खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या इमारतीत बघण्यासारखं काहीही नव्हतं. ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. पण बापाच्या अंगावर किती ओरडायचं यालाही मर्यादा असते, आणि ती तिने सोमवारीच ओलांडली होती.

कागद मंजुरी समितीचा होता. शाळांमध्ये कोणती पुस्तकं लावायची हे ठरवणाऱ्या या समितीने यंदा नवा नियम काढला होता. गणिताच्या पुस्तकासोबत प्रकाशकाने आपल्या सहीचं प्रतिज्ञापत्र जोडायचं: 'या पुस्तकातील सर्व उदाहरणे मी स्वतः सोडवून पाहिली असून सर्व उत्तरे बिनचूक आहेत.' एक जरी उत्तर चुकलेलं सापडलं तरी पुस्तक पाच वर्षं यादीबाहेर. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत पुस्तक आणि कागद समितीच्या खिडकीवर पोचायला हवे होते. आणि प्रकाशक म्हणजे, गेल्या जानेवारीपासून, ताई.

तीन मजल्यांची अरुंद इमारत होती त्यांची. खाली गोदाम आणि मागे छापखाना, मध्ये कचेरी, वर घर. कचेरीतल्या काचेच्या कपाटांत विद्वानांची पुस्तकं उभी होती: नदीच्या गाळावरचा प्रबंध, दोन खंड, जुन्या नाण्यांची सूची, कीटकांच्या पंखांवर एका प्राध्यापकांनी अकरा वर्षं खपून लिहिलेला ग्रंथ. या ग्रंथाच्या वर्षाला चाळीस प्रती खपत, त्यातल्या बारा प्राध्यापक स्वतःच नेत. हा सगळा डोलारा ज्या एका पुस्तकावर उभा होता त्याला कपाटात जागासुद्धा नव्हती. ते खाली गोदामात छतापर्यंत रचलेलं असे. 'अंकगणित, इयत्ता सातवी.' गाळ, नाणी आणि पंख या सगळ्यांना सातवीची मुलं पोसत होती. ते पुस्तक पाच वर्षं यादीबाहेर गेलं असतं तर सहाव्या वर्षी इमारतीवर दुसऱ्याच कोणाची पाटी लागली असती.

आणि अशा पुस्तकात एक उत्तर मुद्दाम चुकीचं छापायची या घराण्याची रीत होती.

या रीतीची गोष्ट ताईच्या आजोबांपासून, म्हणजे दादांच्या अण्णांपासून, सुरू होते. संस्था त्यांनी काढली, त्याला यंदा पंचाहत्तर वर्षं होत होती. पहिल्या आठ वर्षांत सातवीच्या अंकगणिताने जरा बाळसं धरलं, आणि लगेच एका गाइडवाल्याने त्यातली सगळी उत्तरं उचलून आपलं गाइड बाजारात आणलं. आजोबांनी जाब विचारला तर हा पठ्ठ्या म्हणाला, "मी स्वतः सोडवली. गणिताचं उत्तर काय तुमच्या मालकीचं आहे?" म्हणणं तसं खोटं नव्हतं. बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच असतं. आजोबा घरी आले आणि पुढच्या आवृत्तीत त्यांनी एक उत्तर जाणूनबुजून चुकवलं. गाइडवाल्याने तेही इमानेइतबारे उचललं. मग कोर्टात न्यायाधीशांनी त्याला ते एकच उदाहरण फळ्यावर सोडवायला लावलं. त्याने घाम पुसत पुसत सोडवलं, उत्तर बरोबर आलं, आणि तिथेच तो खटला हरला.

तेव्हापासून प्रत्येक आवृत्तीत एक चोर-उत्तर. ते कोणतं हे फक्त घरच्या कर्त्या पुरुषाला ठाऊक. ज्यांनी पुस्तक लिहिलं त्या शिक्षकांना नाही, प्रूफं वाचणाऱ्यांना नाही, बायकापोरांना तर नाहीच. शेवटचं प्रूफ पास झालं की कर्त्याने छापखान्यात जायचं, दार लावून घ्यायचं, एक आकडा बदलायचा आणि काळ्या पुठ्ठ्याच्या छोट्या वहीत त्याची नोंद करायची. आजोबा थकल्यावर हे काम दादांकडे आलं. यंदाही छापायला जायच्या आदल्या दिवशी ते कंप्युटरवर पानं लावणाऱ्या ऑपरेटरच्या खोलीत गेले, ऑपरेटरला बाहेर काढलं, दहा मिनिटांनी बाहेर आले आणि जेवायला बसले. कागदोपत्री कर्ती ताई होती, पण वही अजून दादांच्या खणात होती आणि खणाची किल्ली त्यांच्या खिशात.

ताईने ही गोष्ट लहानपणापासून इतक्यांदा ऐकली होती की न्यायाधीशांचा चष्मा कोणत्या रंगाचा होता हेही ती सांगू शकली असती. आता तर काका त्या गोष्टीवर पुस्तकच लिहीत होते. काका म्हणजे दादांचे धाकटे भाऊ. चाळीस वर्षं दुकानादुकानांत हिंडून त्यांनी पुस्तकं विकली, आणि आता पंचाहत्तरीनिमित्त संस्थेचा इतिहास लिहायला घेतला होता. सहावा खर्डा चालू होता. दर खर्ड्यात गाइडवाल्याला जास्त घाम फुटत होता.

"काका," ताई त्या सकाळी त्यांच्या टेबलाशी जाऊन म्हणाली, "लेखणी ठेवा. नऊशे सहा उदाहरणं आहेत. आपण तिघं सोडवायची."

"तिघं कोण?"

"तुम्ही, मी आणि आत्या."

काकांनी तिच्याकडे असं बघितलं की जणू तिने त्यांना दोरीवर चालायला सांगितलं होतं. "तू? गणितं?"

इथे काकांवर फार रागावण्यात अर्थ नाही. ताई आणि गणित हा घरातला जुना विनोद होता. ताईला आकड्यांतले फक्त पानांचे क्रमांक कळतात, असं काका पाहुण्यांना हसत हसत सांगत आणि ताईही हसे. सातवीनंतर तिने गणिताशी संबंध ठेवला तो फक्त पास होण्यापुरता. भाषेची पुस्तकं तिने हौसेने केली, व्याकरणाची मालिका तिने एकटीने उभी केली, इतिहास-भूगोलावर तिची नजर करडी होती. गणिताचं बाड आलं की मात्र ते ती न उघडता पुढे सरकवायची. आणि आता नेमका असा कागद तिच्या नावाने आला होता, की जो तिच्या ओळखीच्या सगळ्या माणसांत तिनेच सही करू नये.

दिवाणखान्यातल्या लांब टेबलावर तिघं बसली. याच टेबलावर या घरातली सगळी प्रूफं वाचली गेली होती. त्याचीही रीत होती. एकाने छापील मजकूर मोठ्याने वाचायचा, स्वल्पविराम, पूर्णविराम, सगळं उच्चारून. समोरच्याने मूळ प्रत धरायची आणि जुळलं की म्हणायचं, 'बरोबर.' तो शब्द आल्याशिवाय वाचणाऱ्याने पुढच्या ओळीवर जायचं नाही. पन्नास वर्षं वाचणारी आत्या होती आणि बरोबर म्हणणारे दादा. दादा तो शब्द इतक्या कंजूषपणे काढत की एकेका पानाला अर्धा अर्धा तास लागे. आत्याला तर सवयच जडली होती. दूधवाल्याशी बोलतानाही ती वाक्य संपलं की त्याच्या तोंडाकडे बघत थांबायची.

"मी अक्षरं वाचते," आत्या पेन्सिलीला टोक काढत कुरकुरली. "गणितं सोडवणं माझ्या करारात नव्हतं."

"तुझा करार कुठे झालाय?"

"तेच म्हणते मी."

बुधवारचा दिवस नुसता वैतागात गेला. काकांनी पहिल्या तासात विजयी आरोळी ठोकली: सापडलं! ताईने पडताळून पाहिलं, काकांनी सातचा पाढा चुकवला होता. दुपारपर्यंत त्यांना अशी अकरा चोर-उत्तरं सापडली. अकराही वेळा चोर काकाच होते. आत्या बरोबर सोडवत होती, पण गोगलगायीच्या गतीने, कारण प्रत्येक उदाहरणातलं व्याकरणही ती तपासत होती. आणि दादा पलीकडच्या खुर्चीत पेपर वाचत बसले होते. दर तासाला मान वर करून ते तेच सांगत होते, "उगीच दमताय. सही कर आणि मोकळी हो."

"मग सांगा ना कितवं!" ताई ओरडे.

"ते सांगायचं नसतं."

ताईला त्या वेळी खरोखरच वाटलं की हा माणूस तिची परीक्षा बघतोय. पंचेचाळीस वर्षं उलटलेल्या बाईला, तिच्याच घरात, तिच्याच टेबलावर. या म्हाताऱ्याला धंदा तिच्या हाती द्यायचाच नाहीये, आणि तो तिला पुस्तकातल्या चुकीत अडकवून बुडवणार आहे. ती इतकी चिडली होती की तिने स्वतःच्या वाट्याची एकशे चाळीस उदाहरणं सोडवली, हे तिच्या लक्षातही आलं नाही. रात्री हात धुताना तिला आठवलं की एकशे चाळीसपैकी एकही तिचं चुकलं नव्हतं. नशीब, ती मनाशी म्हणाली, सोपा भाग वाट्याला आला.

गुरुवारी दुपारी जेवणं झाल्यावर ती 'काळ, काम आणि वेग' या प्रकरणावर आली. पान सत्त्याऐंशी. मजूर खड्डा खणत होते. चौतीस वर्षांपूर्वीही हेच मजूर हाच खड्डा खणत होते, फक्त आता त्यांची रोजंदारी वाढली होती. दर आवृत्तीला नवं कोरं पुस्तक म्हणून छापायचं आणि आत तेच ते मजूर ठेवायचे, हा या धंद्यातला उघड प्रकार होता. तिने मजुरांना खड्ड्यातून बाहेर काढलं आणि नवव्या उदाहरणावर आली.

'एक हौद एका नळाने सहा तासांत व दुसऱ्या नळाने चार तासांत भरतो. तळाच्या तोटीने तो बारा तासांत रिकामा होतो. दोन्ही नळ व तोटी एकदम सुरू केल्यास हौद किती तासांत भरेल?'

ताईने पेन्सिल खाली ठेवली.

हा हौद तिला माहीत होता. या हौदात ती एकदा बुडाली होती.

बारा वर्षांची होती ती. सुट्टीची दुपार. हेच टेबल. एका टोकाला आजोबा पेपर वाचत बसलेले, दुसऱ्या टोकाला दादा प्रूफं घेऊन. तिने हे उदाहरण सोडवलं. तीन तास. मागे उत्तर पाहिलं तर साडेतीन. तिने वही दादांना दाखवली. दादांनी ती वाचली, चष्मा पुसला, परत वाचली. मग त्यांनी आजोबांकडे बघितलं. आजोबांनी पेपर खाली केला आणि फक्त नकाराची मान हलवली. दादा म्हणाले, "पुन्हा करून बघ."

तिने पुन्हा केलं. तीन. पुन्हा. तीन. वाया गेलेल्या छपाईच्या कागदांचा गठ्ठा टेबलाखाली असे, त्यांच्या पाठीवर ती करत राहिली. सतरा वेळा तीन आलं. घरच्या पुस्तकात चूक असणं शक्य नव्हतं, पाहुण्यांना आजोबा हेच तर सांगायचे, आपल्या पुस्तकाला कधी शुद्धिपत्र लागलं नाही. म्हणजे चूक तिच्यातच होती. अठराव्या वेळी तिने डोळे पुसले आणि मधली एक पायरी अशी काही वाकवली की खाली साडेतीन आलं. ती वही तिने आजोबांना नेऊन दाखवली. आजोबा म्हणाले, "शाबास. आता बरोबर." दादा उठून खाली गेले.

ती त्या दिवशी गणिताला घाबरली असं नव्हे. आपल्याला गणितात काही दिसतं ते खोटं असतं, हे तिला त्या दिवशी पटलं. मग माणूस त्या वाटेला जातोच कशाला?

आता ताईने पेन्सिल उचलली. एक षष्ठांश, एक चतुर्थांश, वजा एक द्वादशांश. एक तृतीयांश. तीन तास. तिने मागचं पान उघडलं. बोट फिरवत ती नवव्या उत्तरापर्यंत आली.

'३ तास.'

ताईने पुस्तक मिटलं. मग उठली आणि खाली गोदामात गेली. तिथे प्रत्येक आवृत्तीची एक एक प्रत एका लोखंडी कपाटात ठेवलेली असे. तिच्या वर्षाची होती चाळिसावी आवृत्ती. तिने ती काढली. पान सत्त्याऐंशी, उदाहरण नववं: ३½ तास. एकेचाळिसावी आवृत्ती काढली, पुढच्या वर्षीची: ३ तास. आणि तीननंतर एक रिकामी जागा, जराशी जास्तच. जुन्या काळच्या शिशाच्या खिळ्यांची छपाई ती. जुळवलेलं पान तसंच बांधून ठेवत आणि दर वर्षी त्यावरूनच छापत. कोणीतरी त्यातला अर्ध्याचा खिळा तेवढा उपसून काढला होता आणि शेजारचे खिळे नीट जवळ घेतले नव्हते. कसलेल्या जुळाऱ्याच्या हातून असं काम कधी झालं नसतं. मालकाच्या हातून झालं असतं.

बेचाळिसावी, त्रेचाळिसावी, चव्वेचाळिसावी. तिने तिथेच जमिनीवर फतकल मारली आणि प्रत्येक आवृत्तीतली उत्तरं एकमेकांशी ताडून पाहिली. एकेचाळिसाव्या आवृत्तीपासून पुढे एकही उत्तर बदललेलं नव्हतं.

ती वर आली तेव्हा तिच्या साडीवर धूळ होती आणि हातात दोन पुस्तकं. तिने ती दादांच्या पेपरवर आपटली.

"या पुस्तकात चोर-उत्तर नाहीच आहे."

काकांची पेन्सिल थांबली. आत्या थांबली.

"चौतीस वर्षं नाहीये," ताई म्हणाली. "शेवटचं हेच होतं. हौदाचं. माझं."

दादांनी या वेळी खिडकीबाहेर बघितलं नाही. त्यांनी खिशातून किल्ली काढली, कचेरीतल्या खणापर्यंत जाऊन आले, आणि काळी वही टेबलावर ठेवली. वहीवर शिशाचा एक बारकासा तुकडा ठेवला. ताईने तो उचलून उजेडात धरला. टोकावर उलटा कोरलेला ½.

"दुसऱ्या दिवशी सकाळी काढला," दादा म्हणाले. "चिमट्याने. जुळारी यायच्या आधी."

"आणि वही?" काकांनी वही ओढून घेतली. "यात तर दर वर्षाची नोंद आहे! पान एकशे चार, उदाहरण तीन. पान छप्पन्न..."

"खोट्या आहेत. अण्णा होते ना अजून. चार वर्षं ते दर जूनला वही बघायचे. मग सवय लागली."

"चौतीस वर्षं मी दुकानदारांना दम देत फिरलो!" काकांचा आवाज चिरकला. "आमच्या पुस्तकात सुरुंग पेरलाय म्हणून! हातात काडीसुद्धा नव्हती!"

"त्यांना कुठे माहीत होतं?" दादा म्हणाले. "भीतीने ते सगळी उदाहरणं सोडवून बघायचे. गाइडं सुधारली त्यांची."

"आणि तुम्ही दार लावून दर वर्षी आत काय करत होता?" ताईने विचारलं.

"चहा प्यायचो."

एरवी ताई हसली असती. आत्या तर हसलीच, तोंडावर पदर धरून. पण ताईच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते रागाचं होतं, नुसतं रागाचं. "पुस्तक दुसऱ्या दिवशी दुरुस्त केलंत," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी! चोरून, चिमट्याने! मी त्याच घरात होते ना, दादा? वरच्या मजल्यावर. एक जिना चढून यायचं आणि सांगायचं, पोरी, तुझं बरोबर होतं. एवढं एक वाक्य. त्याला काय चिमटा लागत होता?"

"अण्णांना शब्द दिला होता," दादा म्हणाले. "ते गेल्यावर सांगणार होतो. तोवर तू भाषेची पुस्तकं करायला लागली होतीस. छान चाललं होतं. मला वाटलं, विसरली असशील."

"मी सतरा वेळा केलं होतं."

"मी मोजत होतो," दादा म्हणाले.

 मोजत होता! समोर बसून मोजत होता, आणि अठराव्या वेळी उठून गेला! तिला वाटलं ती काळी वही खिडकीतून फेकून द्यावी, आणि वाटलं की या म्हाताऱ्याचा हात धरावा, आणि दोन्ही वाटल्यामुळे ती आणखीच चिडली. तिने पेन्सिल उचलली आणि उरलेली उदाहरणं पुढे ओढली.

"आता कशाला?" काका म्हणाले. "नाहीये ना चोर-उत्तर. कर सही."

"कागदावर लिहिलंय, मी स्वतः सोडवून पाहिली आहेत," ताई म्हणाली. "तुमच्या वाट्याचीही द्या इकडे. तुमच्या सातच्या पाढ्यावर मी सही करणार नाही."

गुरुवारची रात्र जागून शुक्रवारी दुपारी दीडपर्यंत तिने नऊशे सहाच्या नऊशे सहा उदाहरणं संपवली, आत्याच्या वाट्याचीसुद्धा. त्यात तिला एक चूक सापडली, खरी, कोणी न पेरलेली, व्याजाच्या प्रकरणात, इतकी वर्षं कोणाच्याही लक्षात न आलेली. ते पान बदलून घेतलं आणि तिने सही केली. काका चार वाजून वीस मिनिटांनी समितीच्या खिडकीवर पोचले. पावती घेऊन आले ते सरळ ताईसमोर उभे राहिले.

"माझं चौथं प्रकरण काढू नकोस," ते म्हणाले. "खटल्याचं. तेच तर आपल्या इतिहासातलं रत्न आहे गं."

"राहू द्या ते. खटला खराच झाला होता." ताईने दादांकडे बघितलं. "पण त्या पुस्तकाला शुद्धिपत्र जोडायचं. इतिहासाच्या पुस्तकाला. पहिल्या पानावर."

काका खुर्चीत बसले. पंचाहत्तर वर्षांत या संस्थेने शुद्धिपत्र छापलं नव्हतं. अण्णांच्या तसबिरीखाली तशी पाटीच होती. "आणि ते लिहिणार कोण?"

"मी लिहितो," दादा म्हणाले.

पाच ओळी लिहायला त्यांनी शनिवार-रविवार घेतला. तीन वेळा फाडल्या. 'चूक' म्हणावं की 'अनवधान' यावर त्यांनी रविवारी जेवताना ताईचं डोकं खाल्लं, आणि ताईने शेवटी ताट उचललं आणि स्वयंपाकघरात जाऊन जेवली. सोमवारी सकाळी शुद्धिपत्राचं प्रूफ आलं. वीतभर लांबीचाही नाही असा कागदाचा चिटोरा, पण रीत म्हणजे रीत. आत्या चष्मा घालून वाचायला पुढे सरसावली.

"आज मी वाचते," ताई म्हणाली.

दादांनी आपल्या हस्ताक्षरातली मूळ प्रत धरली. ताईने सुरुवात केली.

"शुद्धिपत्र, पूर्णविराम."

"बरोबर."

"अंकगणित, स्वल्पविराम, इयत्ता सातवी, स्वल्पविराम, आवृत्ती चाळिसावी, पूर्णविराम."

"बरोबर."

"पान सत्त्याऐंशी, स्वल्पविराम, उदाहरण नऊ, पूर्णविराम. छापलेले उत्तर, साडेतीन तास, पूर्णविराम."

"बरोबर."

"प्रकाशकाच्या मुलीने त्याच वर्षी हे उदाहरण सतरा वेळा अचूक सोडवले असता तिला पुन्हा करण्यास सांगितले, स्वल्पविराम, ही प्रकाशकाची चूक, पूर्णविराम."

दादांनी मूळ प्रतीवर बोट ठेवलं. "बरोबर."

"मुलीचे उत्तर," ताईने वाचलं, आणि तिचा आवाज जरासा घसरला, म्हणून तिने तो चिडूनच सरळ केला, "तीन तास, पूर्णविराम."

दादांनी मूळ प्रत खाली ठेवली. तिच्याकडे बघितलं.

"बरोबर," ते म्हणाले.

पुढे ओळ नव्हती. तरी ताईने चिटोरा तसाच धरून ठेवला, आणि तीच ओळ पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचली. दादा पुन्हा म्हणाले, बरोबर. तिने तिसऱ्यांदा वाचली. काकांनी घड्याळ बघितलं. ऑपरेटर खाली खोळंबला होता.

"अगं, एकच ओळ किती वेळा वाचणार आहेस?"

"सतरा," ताई म्हणाली.

आत्याने काकांना गप्प बसायची खूण केली. दादांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि पुढच्या बरोबरसाठी खुर्चीत नीट सरसावून बसले.